टॅन लार्क साय : विद्यापीठ राहिले, नागरिकत्व गेले

सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, बून ले स्थानकाहून सुटणारी १७९ क्रमांकाची बस ज्या हिरव्या टेकड्यांमध्ये शिरते, तेथे आज नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी उभी आहे. जगातील आघाडीच्या तंत्रविद्यापीठांत तिची गणना होते. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून संशोधनासाठी आलेली कितीतरी मराठी मुले याच टेकड्यांवर काही वर्षे राहिली आणि पुढे नोकरीधंद्याला लागली. या विद्यापीठाची अधिकृत जन्मतारीख १९९१ सालची आहे. फार तर १९८१ पर्यंत मागे जाता येते. मात्र नावातला ‘नानयांग’ हा शब्द त्याहून जुना आहे. चिनी भाषेत त्याचा अर्थ दक्षिणेचा समुद्र. चीनच्या किनाऱ्यावरून पोटासाठी निघालेली माणसे ज्या दिशेला जात, ती दिशा. हे नाव या टेकड्यांना ज्याने आणून दिले तो मनुष्य अभियंता नव्हता आणि प्राध्यापकही नव्हता. तो रबराचा व्यापारी होता, त्याचे शालेय शिक्षण बेताचेच झाले होते, आणि मरणसमयी तो कोणत्याही देशाचा नागरिक नव्हता.

टॅन लार्क साय यांचा जन्म १८९७ साली चीनच्या फुजियान प्रांतातील जिमेई या किनारी गावात झाला. भावंडांत ते सहावे, म्हणून नावातही सहाचा आकडा आला. घरची स्थिती गरिबीची होती आणि आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. गावात त्या सुमारास एक नवी शाळा निघाली होती. सिंगापुरात जाऊन पैसा मिळवलेल्या टॅन काह की नावाच्या त्याच गावच्या गृहस्थाने ती काढली होती. लार्क साय त्या शाळेत थोडे शिकले. १९१६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते भावांच्या मागोमाग सिंगापूरला आले आणि त्याच टॅन काह की यांच्या रबर कारखान्यात कामाला लागले.

हे गुरुशिष्याचे नाते समजल्यावाचून पुढचे काहीच उमजत नाही. टॅन काह की हे त्या काळच्या दक्षिणपूर्व आशियातील सर्वांत मोठ्या रबर उद्योजकांपैकी एक होते. रबर, अननसाचे डबे, रबरी बूट अशा कित्येक धंद्यांत त्यांचा हात होता. मिळवलेला पैसा मात्र ते शाळांत ओतत. १९२१ साली त्यांनी शियामेन येथे स्वखर्चाने विद्यापीठ स्थापन केले. जागतिक मंदीने धंदा खचू लागला, धनको दाराशी आले, तरी विद्यापीठाचा खर्च त्यांनी थांबवला नाही. अखेर १९३४ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. व्यवहारी माणसाला यात वेडेपणा दिसेल. त्यांच्या कारखान्यात वाढलेल्या तरुणाने यातून उलटाच धडा घेतला, की पैसा मिळवण्याचा शेवट शाळा बांधण्यात व्हावा.

लार्क साय यांनी स्वतःचा धंदा उभारला तो विशीच्या उत्तरार्धात, भाऊ बून खाक यांच्या साथीने. त्यांची ‘ऐक हो’ ही पेढी लहान मळेवाल्यांकडून कच्चे रबर घेई, ते धुऊन, दाबून, धुरावून पत्रे बनवी आणि परदेशी खरेदीदारांना विकी. या धंद्यात नफ्याचे गमक भावाच्या चढउतारात असते आणि लार्क साय यांना भावाची नाडी अचूक कळे. मंदीत मोठे बुडाले, तेव्हा त्यांची पेढी तगली. जपानी अमलाची साडेतीन वर्षे काळीकुट्ट गेली. युद्ध सरल्यावर धंदा पुन्हा उभा राहिला आणि १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिका आणि युरोप यांनी रबराचे साठे करण्याचा सपाटा लावला. १९४९ मध्ये पौंडाला चाळीस सेंटांच्या आसपास रेंगाळणारा भाव १९५१ च्या आरंभी दोन डॉलरांवर गेला. ‘ऐक हो’ ही तोवर या भागातील रबराच्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक झाली होती. लार्क साय यांच्याकडे पैशाचा पूर लोटला.

त्याच सुमारास मानही आला. टॅन काह की चीनला कायमचे परतले आणि १९५० मध्ये होक्किएन हुए कुआनचे अध्यक्षपद लार्क साय यांच्याकडे आले. फुजियानहून आलेल्या होक्किएन भाषकांचे हे मंडळ होते. परदेशात राहिलेल्या मराठी माणसाला मंडळ म्हणजे काय हे सांगायला नको. फरक इतकाच की या मंडळाकडे देवळे, शाळा, स्मशाने आणि शेकडो एकर जमीन होती. सिंगापूरच्या चिनी व्यापारी संघाचे, म्हणजे चायनीज चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्षपदही त्यांनी याच काळात भूषवले. वसाहतीतील जवळजवळ तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे होते, परंतु त्यांतील चीनमध्ये जन्मलेल्या लाखो लोकांना मताचा अधिकार नव्हता. पन्नासच्या दशकात चेंबरने या लोकांसाठी नागरिकत्वाची मागणी लावून धरली, आणि १९५७ च्या कायद्याने ती बहुतांशी मान्य झाली. पुढे जे घडले ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शिक्षणाचा प्रश्न त्याहून बिकट होता. सिंगापुरात चिनी माध्यमाच्या शाळांत शिकणारी मुले इंग्रजी शाळांतल्या मुलांच्या तोडीस तोड संख्येने होती. या शाळा लोकवर्गणीवर चालत. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुढे काय करावे? १९४९ मध्ये स्थापन झालेले युनिव्हर्सिटी ऑफ मलाया हे इंग्रजी माध्यमाचे. तेथे त्याला दार बंद. पूर्वी अशी मुले चीनला जात. आता तेथे साम्यवादी राजवट आली होती, मलायात कम्युनिस्टांविरुद्ध आणीबाणी चालू होती, आणि चीनला गेलेल्या मुलाला ब्रिटिश परत येऊ देत नसत. म्हणजे शिकायचे असेल तर घर सोडावे, घरी राहायचे असेल तर शिक्षण सोडावे. शाळांना शिक्षक कोठून मिळणार, हा आणखी एक पेच.

१६ जानेवारी १९५३ रोजी होक्किएन हुए कुआनच्या बैठकीत लार्क साय यांनी चिनी विद्यापीठ काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यासाठी स्वतःचे पन्नास लाख डॉलर जाहीर केले. उरलेली संपत्तीही या कामी लागली तर हरकत नाही, असा त्यांचा भाव होता. मंडळाने जुरोंग येथील आपली पाचशेहून अधिक एकर जमीन दिली. तो भाग तेव्हा अगदी आडरान होता. रबराची झाडे, चढउतार, दलदल आणि एक अरुंद रस्ता.

श्रीमंतांनी विद्यापीठे काढल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. नानयांगची कहाणी निराळी ठरते ती पन्नास लाखांनंतरच्या रकमांमुळे. सिंगापूर, मलाया, बोर्निओ सगळीकडे निधी समित्या निघाल्या. १९५४ च्या एप्रिलमध्ये हजारावर सायकलरिक्षावाल्यांनी एका दिवसाची सगळी कमाई विद्यापीठाला दिली. टॅक्सीवाले, न्हावी, फेरीवाले, गोदीतले हमाल यांनी तसेच दिवस वाहिले. नाचघरांतील नर्तकींनी निधीसाठी नाचाच्या रात्री योजल्या. यांतील बहुतेकांच्या घरात विद्यापीठाची पायरी चढेल असा कोणी नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी सातारा भागातील कष्टकरी घरांनी धान्य दिले, ते याच जातीचे देणे. रबर व्यापारी ली कॉंग चियान हे टॅन काह की यांचे जावई. त्यांनी निराळीच युक्ती केली. इतरांकडून जितकी रक्कम जमेल तिच्या दहा टक्के आपण घालू, असे त्यांनी कळवले. त्यामुळे रिक्षावाल्याच्या डॉलरालाही वजन आले.

ब्रिटिश सरकारला ही उठाठेव मुळीच रुचली नाही. चिनी विद्यापीठ म्हणजे साम्यवाद्यांना आयती चावडी, अशी धास्ती एकीकडे. आणि मलाय लोकांच्या प्रदेशाच्या मध्यभागी चिनी अस्मितेचा किल्ला बांधला तर पुढे वंशांचे कसे जुळणार, हा प्रश्न दुसरीकडे. दुसरा प्रश्न केवळ साम्राज्याचा बहाणा नव्हता. त्यात तथ्य होते आणि पुढे स्वतंत्र सिंगापूरच्या राज्यकर्त्यांनाही त्याने छळले. विद्यापीठ म्हणून सनद मिळेना, तेव्हा प्रवर्तकांनी मे १९५३ मध्ये ‘नानयांग युनिव्हर्सिटी लिमिटेड’ अशी कंपनीच नोंदवली. रबराची पेढी नोंदवावी तसे विद्यापीठ नोंदवले गेले. त्याच वर्षी २६ जुलै रोजी जुरोंगच्या टेकडीवर पहिली कुदळ पडली.

मराठी वाचकाला येथे महर्षी कर्वे आठवतील. लार्क साय सिंगापूरच्या बंदरात उतरले त्याच वर्षी, १९१६ मध्ये, कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले होते. तेही मातृभाषेतून शिकवणारे, तेही सरकारी सनदेवाचून चाललेले. तेथेही एका व्यापाऱ्याची मोठी देणगी कामी आली. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपये दिले. कायद्याची मोहोर उमटायला १९५१ साल उजाडले. मान्यता नसलेली पदवी घेऊन जगण्याचा अर्थ त्या पस्तीस वर्षांतील पदवीधर स्त्रियांना ठाऊक होता. तोच अर्थ आता जुरोंगच्या मुलांना कळायचा होता.

पहिली ठेच मात्र सरकारमुळे लागली नाही. प्रख्यात लेखक लिन युटांग हे मूळचे फुजियानचेच. अमेरिकेत त्यांचे नाव गाजत होते. त्यांना पहिले कुलगुरू म्हणून पाचारण करण्यात आले. १९५४ च्या ऑक्टोबरात ते आले ते पाश्चात्त्य धर्तीच्या संपन्न विद्यापीठाचे चित्र डोळ्यांपुढे घेऊन. कन्या आणि जावई यांनाही त्यांनी विद्यापीठाच्या सेवेत घेतले. त्यांचे अंदाजपत्रक पाहून समितीतील व्यापारी हबकले. ज्यांनी रिक्षावाल्यांचे डॉलर मोजून घेतले होते, त्यांना प्रत्येक खर्चाचा हिशेब हवा होता. ज्याला विद्येचे मंदिर उभारायचे होते, त्याला वाण्यांनी हिशेब मागावा हेच अपमानास्पद वाटले. दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्रांतून वाद घातला. एप्रिल १९५५ मध्ये, एकही तास भरण्याआधी, लिन युटांग आणि त्यांचे सहकारी राजीनामा देऊन गेले. त्यांना द्यावी लागलेली तीन लाख डॉलरांहून अधिक भरपाई लार्क साय यांनी विद्यापीठाच्या निधीला हात न लावता स्वतःच्या खिशातून भरली.

हा प्रसंग लार्क साय यांच्या स्वभावाच्या दोन्ही बाजू दाखवतो. लोकांचा पैसा वाया जाऊ नये म्हणून स्वतःला तोशीस लावून घेणारा हा मनुष्य. आणि विद्वानाला मुनिमासारखे वागवू नये हे न उमगणाराही तोच. पुढची कित्येक वर्षे विद्यापीठ कुलगुरूवाचून चालले आणि कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष म्हणून सूत्रे लार्क साय यांच्याच हाती राहिली. पेढीचा मालक जसा गोदामाची किल्ली स्वतःकडे ठेवतो, तसेच हे झाले. विद्यापीठाला याची किंमत पडली.

तरीही ते सुरू झाले. मार्च १९५६ मध्ये कला, विज्ञान आणि वाणिज्य या तीन शाखांचे वर्ग भरू लागले. वास्तुरचनाकार एंग केंग सियांग यांनी टेकडीवर तीन मजल्यांची देखणी इमारत बांधली. तिच्यावर चिनी घडणीची उतरती छपरे, आत ग्रंथालय आणि कार्यालय. पायथ्याशी तिहेरी कमान उभी राहिली. ३० मार्च १९५८ रोजी गव्हर्नर विल्यम गूड यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन झाले. त्या दिवशी जुरोंगच्या त्या अरुंद रस्त्यावर मोटारींची मैलोगणती रांग लागली. शहर रिकामे होऊन टेकडीकडे निघाले की काय, असे वाटावे. लार्क साय तेव्हा साठी ओलांडून गेले होते. त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत उंच क्षण होता आणि त्यानंतर उतार लागला.

१९५९ मध्ये दोन गोष्टी जवळपास एकदम घडल्या. मार्चमध्ये नानयांगला विद्यापीठ म्हणून मान्यता देणारा कायदा झाला. परंतु पदव्यांचा दर्जा ठरवण्यासाठी नेमलेल्या प्रेस्कॉट समितीने त्या पदव्यांना तूर्त मान्यता देऊ नये असा अभिप्राय दिला. ऑस्ट्रेलियातील कुलगुरू प्रेस्कॉट यांच्या समितीला अध्यापकांच्या नेमणुकीत, ग्रंथालयात, प्रयोगशाळांत आणि कारभारात उणिवा आढळल्या. हा अहवाल हाती आला तेव्हा ली क्वान यू यांचे नवे सरकार सत्तेवर नुकतेच आले होते. त्या सरकारने नेमलेल्या दुसऱ्या समितीचे मतही फारसे निराळे पडले नाही. उणिवा खऱ्या होत्या, हे विद्यापीठाच्या अनेक हितचिंतकांनीही नंतर मान्य केले. तीन वर्षांचे, सरकारी अनुदानावाचून चाललेले विद्यापीठ जुन्या विद्यापीठांच्या मापाने मोजले गेले, हेही खरे. शिक्षा मात्र संस्थाचालकांना झाली नाही. १९६० मध्ये पहिली तुकडी पदव्या घेऊन बाहेर पडली. सरकारी नोकरीत या पदवीधरांना इंग्रजी विद्यापीठाच्या पदवीधरांहून कमी वेतनश्रेणी मिळाली आणि खासगी कचेऱ्यांत इंग्रजीचा अडसर होताच. रिक्षावाल्याच्या डॉलरावर शिकलेला मुलगा पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला.

अशा मुलांत असंतोष धुमसावा यात नवल नव्हते, आणि त्या काळी असंतोषाला डाव्या राजकारणाची वाट मोकळी होती. नानयांगची विद्यार्थी संघटना सरकारविरोधी आंदोलनांत पुढे होती. १९६१ मध्ये सत्ताधारी पीपल्स अॅक्शन पार्टी फुटली आणि डावे बाहेर पडून त्यांनी बारिसान सोशालिस पक्ष काढला. २१ सप्टेंबर १९६३ च्या निवडणुकीत नानयांगचे काही पदवीधर बारिसानच्या वतीने उभे राहिले. लार्क साय यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला. ते स्वतः साम्यवादी होते असे मानायला त्यांच्या जीवनक्रमात आधार सापडत नाही; कोरियन युद्धाच्या तेजीवर संपत्ती मिळवलेला तो भांडवलदार होता. आपल्या विद्यापीठाच्या मुलांच्या पदव्यांना जे सरकार मान देत नाही त्या सरकारविरुद्ध आपली मुले उभी आहेत, एवढा हिशेब त्यांना पुरला असावा. राजकारणात मात्र असा हिशेब भाबडा ठरतो.

निवडणूक सत्ताधाऱ्यांनी जिंकली. दुसऱ्याच दिवशी, २२ सप्टेंबर रोजी, सरकारने जाहीर केले की टॅन लार्क साय यांचे नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू होईल. नानयांगमधील कम्युनिस्टधार्जिण्या मंडळींना त्यांनी साथ दिली आणि आपले वजन व पैसा त्यांच्या पाठीशी घातला, असा आरोप होता. सिंगापूर त्याच आठवड्यात मलेशियात सामील झाले होते. अशा मोक्याच्या क्षणी, बहुसंख्य समाजाच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्यावर हात टाकून सरकारने साऱ्यांनाच इशारा दिला, असे पुढच्या अनेक अभ्यासकांना वाटते. लार्क साय यांनी विद्यापीठाच्या मंडळाचे अध्यक्षपद सोडले. आपल्यापायी संस्थेवर संकट नको, हा विचार त्यामागे होता. पुढल्या वर्षी नागरिकत्व गेले. ज्या हक्कासाठी त्यांच्या चेंबरने कित्येक वर्षे झगडा केला, तो लाखोंना मिळाला आणि त्यांच्याकडून परत घेतला गेला.

जून १९६४ मध्ये विद्यापीठ आणि सरकार यांच्यात समझोता झाला. सरकारने आर्थिक जबाबदारी घ्यावी आणि विद्यापीठाने सुधारणा कराव्यात, असे त्याचे स्वरूप होते. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी विद्यापीठाच्या आवारात शिरून पन्नासच्या आसपास विद्यार्थ्यांना अटक केली. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून बाहेर पडले. इतिहासकार वांग गुंगवू यांच्या समितीने अभ्यासक्रमाची फेररचना सुचवली, त्यावर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला, अनेकांना काढून टाकण्यात आले. अखेर १९६८ मध्ये नानयांगच्या पदवीला सरकारी मान्यता मिळाली. लार्क साय यांनी हे दुरून पाहिले. होक्किएन हुए कुआनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या माणसांनी ते काढून घेतले नाही. ते सिंगापुरातच राहिले, आपल्याच घरी, परके म्हणून. ११ सप्टेंबर १९७२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय पंचाहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या मागे त्यांच्या विद्यापीठाचे आठ वर्षांचे आयुष्य उरले होते. १९७५ मध्ये अध्यापनाचे माध्यम इंग्रजी करण्यात आले. १९७८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरबरोबर संयुक्त वर्ग सुरू झाले आणि नानयांगच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी बुकिट तिमाह येथे जावे लागू लागले. ८ ऑगस्ट १९८० रोजी दोन्ही विद्यापीठे विलीन होऊन नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर बनले. सुमारे बारा हजार पदवीधरांची मातृसंस्था कागदावरून पुसली गेली. त्यांतील कित्येकांची जखम आजही भरलेली नाही.

सगळा दोष सरकारच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिंगापुरात पहिलीत दाखल होणाऱ्या दहा मुलांत चिनी माध्यम निवडणारे जेमतेम एक उरले होते. सरकारने नोकरीची भाषा इंग्रजी केली हे कारण. परंतु मुलाचा हात धरून त्याला इंग्रजी शाळेत घातले ते आईबापांनीच. नानयांगच्या नावाने गहिवरणाऱ्या घरांतली मुलेही त्यात होती. महाराष्ट्रातील मराठी शाळांचे पट रोडावताना ज्यांनी पाहिले आहेत आणि स्वतःची मुले कोठे शिकली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

रिकाम्या टेकड्यांचे पुढे काय झाले ते जुरोंगच्या इतिहासातून कळते. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी १९६१ पासून त्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभारायला घेतली, तेव्हा लोक त्यास गोहचा वेडेपणा म्हणत. वीस वर्षांत तेथे कारखान्यांची रांग लागली. सत्तरीच्या शेवटी सरकारला स्वस्त मजुरीचे उद्योग सोडून वरच्या दर्जाचे तंत्रज्ञान आणायचे होते, आणि त्यासाठी अभियंत्यांचा तुटवडा होता. कारखान्यांशेजारी पाचशे एकरांचे तयार आवार पडून होते. ऑगस्ट १९८१ मध्ये तेथे नानयांग टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. प्राध्यापक चाम ताओ सून हे तिचे पहिले प्रमुख. १९८२ मध्ये स्थापत्य, विद्युत व यांत्रिकी या तीन शाखांत ५८२ विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. प्रत्यक्ष कामाला हात घालणारे अभियंते घडवणे हा हेतू असल्याने अभ्यासक्रमात कारखान्यातील उमेदवारीला मोठे स्थान देण्यात आले. चारच वर्षांत जगातील उत्तम अभियांत्रिकी संस्थांत तिचे नाव घेतले जाऊ लागले. १ जुलै १९९१ रोजी शिक्षक प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था तिच्यात सामावून नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी साकार झाली.

ज्या धंद्याच्या पैशातून पहिले विद्यापीठ निघाले तो रबराचा होता, आणि ज्या गरजेतून दुसरे निघाले ती यंत्रांची होती. दोघांत नाव आणि जमीन सोडून समान काय, हा वाद सिंगापुरात अधूनमधून उफाळतो. १९९६ मध्ये जुन्या नानयांगच्या पदवीधरांची नोंदवही नव्या विद्यापीठाकडे सोपवण्यात आली. काहींनी ते समाधानाने स्वीकारले, काहींनी नाही. पुढे नव्या विद्यापीठाच्या नावातून ‘टेक्नॉलॉजिकल’ शब्द गाळून ते नुसते नानयांग विद्यापीठ करावे असाही विचार निघाला आणि मागे पडला. बँक व्यावसायिक वी चो याव यांनी १९७२ मध्ये होक्किएन हुए कुआनमध्ये लार्क साय यांची जागा घेतली होती. जुन्या विद्यापीठाच्या शेवटच्या दशकात त्याच्या मंडळाचे अध्यक्ष तेच होते आणि नव्या विद्यापीठाचे प्र-कुलपतीही पुढे तेच झाले. दोन संस्थांना जोडणारा जिवंत धागा असा एखाद्याच माणसाच्या रूपाने दिसतो.

टेकडीवरील ती उतरत्या छपरांची इमारत आज चायनीज हेरिटेज सेंटर म्हणून ओळखली जाते. डिसेंबर १९९८ मध्ये ती, तिच्यासमोरील स्मारक आणि जुनी तिहेरी कमान यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. समोरच्या युन्नान उद्यानात विद्यार्थी संध्याकाळी फिरतात आणि पदवीदान झाले की झगे घालून कमानीखाली छायाचित्रे काढून घेतात. ती कमान नवी आहे, जुनीची प्रतिकृती. रिक्षावाल्यांच्या दिवसांतली मूळ कमान विद्यापीठाच्या हद्दीबाहेर पडली. जुरोंग वेस्टच्या वसाहतीत, उंच इमारतींच्या मधल्या एका बागेत ती उभी आहे.